गिटार आणि व्हायोलाची दौऱ्यावरची मैफल: हॉल ठरवण्यापासून हिशेब मिटवेपर्यंत

क्लासिकल गिटार आणि व्हायोला (व्हायोलिनचा थोडा मोठा, खालच्या स्वरांचा भाऊ) वाजवणारी जोडी दौऱ्यावर यायचं ठरतं, आपल्याकडची एखादी संस्था किंवा कॉलेज मैफल भरवायला घेतं, आणि पहिला फोन जातो साउंडवाल्याला. दुसरा बॅनरवाल्याला, तिसरा शाल-श्रीफळासाठी. हॉल कोणता? तर त्या तारखेला मोकळा होता तो.

सुगम संगीताच्या कार्यक्रमाचा हा साचा इथे चालत नाही. नायलॉनच्या तारांची गिटार माइकशिवाय वाजते तेव्हा तिचा आवाज बेताचाच असतो आणि गजाने वाजणारा व्हायोला तिला सहज झाकून टाकतो. म्हणून हॉल, तारीख, खुर्ची, एसी, सत्कार असं सगळं ठरवताना एकच कसोटी लावायची: गिटारचा सगळ्यांत हळू स्वर शेवटच्या रांगेत ऐकू येईल का?

पुढचे टप्पे परदेशी जोडीचा मुंबई-पुणे-गोवा असा छोटा दौरा धरून लिहिले आहेत. मैफल एकाच गावात असेल तर दुसऱ्या टप्प्यातला प्रवास सोडून द्या, बाकी क्रम मोडू नका.

## १. आधी माहिती मागवा, मग हॉल बघा (चार-पाच महिने आधी)

कलाकारांकडून पुढच्या गोष्टी लेखी मागवा. फोनवर ठरलेलं धरू नका.

- व्हायोलावादक बसून वाजवणार की उभ्याने?
- गिटारवादक पायाखाली छोटा स्टूल घेतो की मांडीवर लावायचा आधार वापरतो? स्टूल स्वतःचा आणणार का?
- खुर्चीची उंची किती हवी? (साधारण ४५ सेंटिमीटर सांगतात, पण विचारा.)
- नोटेशन कागदावर की टॅबलेटवर?
- गिटारसाठी स्वतःचा छोटा स्पीकर आणि माइक आणतात का?
- प्रत्येक रचनेचं नाव, भाग किती आणि मिनिटं किती?
- कोणत्या वाद्याला कोणतं लाकूड?

शेवटचा प्रश्न अनेकांना आगाऊपणाचा वाटतो. तो नाही. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. जुन्या, चांगल्या गिटारींच्या पाठीला हेच लाकूड असू शकतं आणि सोबत कागद नसेल तर कस्टमला ती अडकू शकते. आपल्याकडच्या शिसवीची, म्हणजे इंडियन रोझवूडची, तयार वाद्यं २०१९ च्या शेवटापासून या परवानगीतून सुटली आहेत. व्हायोलाच्या जुन्या गजाच्या टोकाला हस्तिदंत असेल तर तोही प्रश्न येतो. कागद जमवणं कलाकारांचं काम, पण आठवण करून देणं तुमचं.

व्हिसाचंही आत्ताच बघा. पर्यटक व्हिसावर मानधन घेऊन कार्यक्रम करता येत नाही. कोणता व्हिसा लागेल ते कलाकारांनी त्यांच्या देशातल्या भारतीय दूतावासाकडून लेखी विचारून घ्यावं. त्यांना तुमचं निमंत्रणपत्र लागेल. त्यात तारखा, ठिकाणं, मानधन आणि राहण्याचा खर्च कोणाचा, हे स्पष्ट लिहा.

तपासा: रचनांची यादी मिनिटांसकट आली का? नसेल तर हॉलची आगाऊ रक्कम भरू नका. मैफल सव्वा तासाची की दोन तासांची, यावर हॉलचं सत्र ठरतं.

## २. तारखा आणि मार्ग

लाकडी वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबई आणि गोव्यात थंडीतही हवा याहून दमट असते, तर जानेवारीतल्या पुण्याची दुपार चांगलीच कोरडी. दमट हवेतून कोरड्या हवेत गेलं की लाकूड आक्रसतं आणि गिटारच्या पातळ फळीला तडा जाऊ शकतो. उलट दिशेने लाकूड फुगतं, तारा पट्टीपासून वर उचलल्या जातात, वाजवायला जड जातं, पण तड्याची भीती कमी. म्हणून थंडीतल्या दौऱ्यात पुणे, मग मुंबई, शेवटी गोवा हा क्रम बरा. विमान मुंबईत उतरत असलं तरी पहिली मैफल पुण्यात ठेवता येते. युरोपातल्या हीटर लावलेल्या घरांतून आलेल्या वाद्याला पुण्याची कोरडी हवा त्यातल्या त्यात ओळखीची असते.

आता तारखा. गणपती-नवरात्र कोणी धरणारच नाही, पण तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त विसरले जातात. हॉलशेजारी मंगल कार्यालय असेल तर त्या दिवशीचा मुहूर्त आधी पाहा. ब्रास बँडपुढे गिटारचा टिकाव लागत नाही. पुण्यात डिसेंबरमध्ये सवाई गंधर्वच्या दिवसांत मैफल ठेवली तर तुमचा निम्मा श्रोता तिकडे असेल. जुन्या गोव्यात ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं आणि आधीचे नऊ दिवस नोव्हेनाच्या प्रार्थना. त्या पट्ट्यात चॅपेल मागू नका. नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात गोव्यात हॉटेलांचे दर बघूनच दौऱ्याचं बजेट कोलमडतं.

प्रवासाच्या दिवशी मैफल ठेवू नका. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून एक्स्प्रेसवेने पुण्याला निघून आठची मैफल गाठण्याचा बेत कागदावरच छान दिसतो.

देशांतर्गत विमानात केबिन बॅगेची मर्यादा साधारण सात किलो आणि तिन्ही बाजू मिळून ११५ सेंटिमीटर असते. गिटारच्या केसची नुसती लांबीच मीटरभराच्या वर जाते. व्हायोलाची केस लहान असली तरी मोजमापात तीही सहज बसत नाही. रस्ते दोनच: तिकीट काढतानाच गिटारसाठी जादा सीट घ्या आणि व्हायोलासाठी कंपनीची लेखी परवानगी मिळवा, किंवा रेल्वेने जा. मुंबई-मडगाव वंदे भारत पहाटे सीएसएमटीहून सुटते आणि दुपारी जेवणाच्या वेळेला पोचवते. वाद्य पूर्ण वेळ नजरेसमोर राहतं.

सावधान: उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत वाद्य ठेवून जेवायला थांबू नका. व्हायोलाचे जोड सरसाने चिकटवलेले असतात आणि तापलेल्या बंद गाडीत सरस सुटू लागतो. थांबायचंच असेल तर वाद्यं हॉटेलात तुमच्याबरोबर टेबलाशी येतील.

## ३. हॉल

शंभर ते अडीचशे खुर्च्या, त्याहून मोठा नको. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचं लिटल थिएटर साधारण ११४ खुर्च्यांचं आणि एक्सपेरिमेंटल थिएटर तीनशेच्या आसपास आहे. या जोडीला पहिलं माप योग्य, दुसरं थोडं मोठंच. पुण्यात बालगंधर्व हजाराच्या घरातलं, म्हणजे माइक आलाच. त्यापेक्षा एखाद्या शाळेचं जुनं, उंच छताचं, लाकडी तक्तपोशीचं सभागृह शोधा. गोव्यात जुन्या चॅपेलमध्ये मैफली होतातच. जुन्या गोव्यातल्या टेकडीवरच्या आवर लेडी ऑफ द माउंट चॅपेलमधला मॉन्टे संगीत महोत्सव ठाऊक असेल. दगडी चॅपेलमध्ये व्हायोला फुलून येतो, पण वेगवान तुकड्यात गिटारचे स्वर एकमेकांत मिसळतात. चॅपेल घेतलं तर कलाकारांना आधीच कळवा, ते रचना बदलतील.

हॉल पाहायला जाताना हा क्रम ठेवा.

१. मैफलीचा जो वार आणि जी वेळ, त्याच वारी त्याच वेळी जा. मंगळवारी सकाळी शांत असलेला हॉल शनिवारी संध्याकाळी शांत असेलच असं नाही.

२. रंगमंचाच्या मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. आवाज सेकंदभर रेंगाळून विरला तर उत्तम. टाळी जागीच मेली तर काळे पडदे आणि कार्पेट सगळं शोषून घेताहेत. मागचे पडदे काढता येतात का, विचारा. तीन सेकंद घुमत राहिली तर रिकाम्या हॉलचा परिणाम वजा करूनही जास्त आहे.

३. एसी पूर्ण चालू करून शेवटच्या रांगेत बसा. मग पंखे, ट्यूबलाइटचे चोक, जनरेटर, कँटीनची भांडी, लिफ्ट, दाराची करकर यांची यादी करा.

४. नायलॉन तारांची गिटार शिकणारं कुणीही सोबत न्या आणि रंगमंचावर अगदी हळू वाजवायला सांगा. शेवटच्या रांगेत प्रत्येक स्वर वेगळा कळला तर हॉल पक्का करा.

हॉलचे व्यवस्थापक "साउंडप्रूफ आहे" म्हणतात तेव्हा बाहेरच्यांना त्रास होत नाही इतकाच त्याचा अर्थ असतो.

तपासा: मैफलीच्या दिवशी हॉल किती तास आधी मिळेल? चार तास हवेत. दुपारचं सत्र दुसऱ्या नाटकाला दिलेलं असेल तर हा हॉल सोडा.

## ४. पैसा आणि कागद

इथे भांडणं होतात ती एका शब्दावरून. करारात मानधन "कर कापून हातात" लिहिलंय की "करासकट"? अनिवासी परदेशी कलाकाराच्या मानधनावर २० टक्के आणि वर उपकर कापावा लागतो. दोन देशांतल्या करारामुळे फरक पडू शकतो, त्यासाठी कलाकाराचं त्यांच्या देशातलं कर-रहिवासी प्रमाणपत्र लागतं. सीएला आधी भेटा, मग आकडा बोला.

संगीताच्या कार्यक्रमाला माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी माफ आहे. ४९९ आणि ५९९ मधला फरक म्हणूनच शंभराचा नसतो.

रचनांचे हक्क हा दुर्लक्षित भाग. भारतात संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. शूबर्ट १८२८ मध्ये गेला, तो प्रश्न मिटला. पियाझोला १९९२ मध्ये गेला, त्याच्या रचना २०५२ संपेपर्यंत हक्काखाली आहेत. शिवाय या दोन वाद्यांसाठी मूळ लिहिलेलं संगीत थोडंच असल्यामुळे कार्यक्रमात रूपांतरं भरपूर असतात, आणि रूपांतर करणाऱ्याचे हक्क वेगळे. यादी घेऊन आयपीआरएसकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाने देणाऱ्या संस्थेकडे, परवान्याची चौकशी करा. पोलीस आणि पालिकेच्या परवानग्या गावागणिक बदलतात. हॉलच्या कार्यालयाला आधीच्या कार्यक्रमाची फाइल दाखवायला सांगा, काम सोपं होतं.

सावधान: कलाकारांना कुणाच्या घरी उतरवणार असाल तरी परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म (पूर्वीचा सी-फॉर्म) भरावा लागतो, तोही २४ तासांत. हॉटेल स्वतः भरतं. घरमालकाला बहुतेक वेळा माहीतच नसतं.

## ५. कार्यक्रमपत्रिका

वादन एकूण सत्तर-ऐंशी मिनिटं आणि मधे पंधरा मिनिटांचं मध्यंतर पुरे. पहिली रचना फार नाजूक असू नये. पहिली पाच मिनिटं लोक खुर्च्या शोधत असतात, आणि श्रोत्याच्या कानालाही या आवाजाच्या मापाला यायला तेवढा वेळ लागतो.

पत्रिका मराठीत छापा आणि प्रत्येक रचनेखाली भागांची संख्या द्या. टाळ्यांचा घोटाळा याच एका ओळीने निम्मा सुटतो. उदाहरणार्थ, शूबर्टचा अर्पेजिओने सोनाटा व्हायोला-गिटारच्या जोड्या आवडीने वाजवतात. त्याचे तीन भाग, पण दुसरा संथ भाग न थांबता तिसऱ्यात शिरतो. तिथे टाळी पडली की वादकांचा श्वास तुटतो. पत्रिकेत "दुसरा आणि तिसरा भाग सलग" एवढं छापा. कागद जाड आणि गुळगुळीत नको. दोनशे लोकांनी एकदम पान उलटलं की सळसळ चांगली ऐकू येते.

## ६. रंगमंचाची मांडणी

खुर्च्या हातांच्या नकोत. गिटारचा तळ आणि वादकाचा कोपर दोन्ही त्या हातांना आपटतात. प्लास्टिकची खुर्ची वाकते, फिरती करकरते, आणि सत्काराचा मखमली सोफा तर बाजूलाच ठेवा. चार पायांची, सपाट बैठकीची, न डुगडुगणारी लाकडी खुर्ची. दोन आणून दोन्ही बसून पाहा. रंगमंचाच्या फळीत उंचसखल असेल तर पायाखाली पुठ्ठा लावा.

नोटेशन स्टँड दोन, वजनदार. भावगीताच्या वहीसाठी असतात ते पातळ घडीचे स्टँड दोन पानांच्या भाराने कलतात. स्टँड छातीच्या खाली आणि जवळजवळ आडवा ठेवायचा, नाहीतर गिटारसमोर भिंत उभी राहते.

कोण कुठे बसणार हे कलाकारच ठरवतील, पण का ते माहीत असू द्या. व्हायोला डाव्या खांद्यावर असतो आणि त्याच्या फळीवरची छिद्रं वादकाच्या उजवीकडे तोंड करतात. वादक प्रेक्षकांच्या डाव्या हाताला, आत वळून उभा राहिला तर आवाज थेट सभागृहात येतो. तोच प्रेक्षकांच्या उजव्या हाताला गेला तर आवाज मागच्या भिंतीकडे वळतो आणि गिटारला जागा मिळते. म्हणून सरावात दोन्ही बाजूंनी वाजवून पाहायला वेळ ठेवा आणि तेव्हा स्वतः शेवटच्या रांगेत बसा. बॅनर त्यानंतर लावा. आधी लावलं की फोटोसाठी कलाकारांना बॅनरच्या मधोमध बसवण्याचा मोह होतो.

प्रकाश वरून, पांढरा आणि स्थिर. रंग बदलणारे दिवे आणि धूर बंद. तापणारे जुने हॅलोजन जवळ असतील तर दर दहा मिनिटांनी गिटार उतरते.

तपासा: टॅबलेट वापरत असतील तर रंगमंचावर चालू प्लग पॉइंट आहे का? त्याची वायर पायात येत नाही ना?

## ७. माइक लागलाच तर

अडीचशेच्या वर खुर्च्या, किंवा मोकळी जागा, तरच. आणि फक्त गिटारला.

१. छोट्या डायफ्रामचा कंडेन्सर माइक मागवा. मिक्सरवर ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (माइकला वायरीतूनच मिळणारी वीज) चालू लागतो, हे साउंडवाल्याला आधीच सांगा.

२. माइक गिटारपासून ३० ते ४० सेंटिमीटरवर, मान जिथे खोक्याला मिळते त्या जागेकडे रोखून. आवाजाच्या गोल छिद्रासमोर ठेवला की नुसता घुमतो.

३. स्पीकर एकच, लहान, गिटारवादकाच्या मागे किंवा शेजारी. हॉलच्या दोन बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून गिटार आली की डोळ्यांना एक दिसतं आणि कानांना दुसरीकडून ऐकू येतं.

४. एको, रिव्हर्ब शून्य.

आवाज किती वाढवायचा? स्पीकर बंद केल्यावरच तो चालू होता हे कळलं पाहिजे, इतकाच. गाण्याचा साधा माइक स्टँडला लावून "बघू या चालतं का" म्हणणाऱ्या साउंडवाल्याला चहा पाजा आणि योग्य माइक येईपर्यंत थांबा.

## ८. मैफलीचा दिवस

सातची मैफल धरून:

दुपारी ३. हॉल ताब्यात. एसी चालू करून हॉल थंड करून घ्या. वाद्यं अजून हॉटेलात.

४. कलाकार आणि वाद्यं येतात. केस बंद ठेवून अर्धा तास ग्रीनरूममध्ये, मग उघडायच्या. बाहेरच्या दमट हवेतून थेट एसीच्या झोतात वाद्य काढलं की स्वर भरकटतो. ग्रीनरूम आणि रंगमंचाचं तापमान सारखं ठेवा.

४.३० ते ६. सराव. सभागृहात कोणी नको, खुर्च्या पुसणारेही नकोत. गिटारवादक त्या दिवशी तारा बदलत नाहीत, कारण नव्या नायलॉन तारा दोन-तीन दिवस उतरत राहतात; सुट्या तारा मात्र असाव्यात. व्हायोलाची जाड सी तार व्हायोलिनला नसतेच, त्यामुळे ऐन वेळी शेजारच्या क्लासमधून मागून भागत नाही.

६. हलकं खाणं. दोन्ही दारांच्या बिजागऱ्यांना तेल.

६.३०. दारं उघडा. वेफर्स आणि पाण्याच्या कुरकुरणाऱ्या बाटल्या बाहेर.

६.५५. एसी कमीत कमी, आवाज करणारे पंखे बंद. ही जबाबदारी नाव घेऊन एका माणसावर टाका. "एसी कोणी कमी करणार होतं?" हा प्रश्न पहिल्या संथ भागात विचारायचा नसतो.

७. निवेदन तीन मिनिटं, एकदाच. फोन बंद, फोटो शेवटी, आणि टाळ्या वादकांनी हात खाली घेतल्यावर. ऐन वादनात मनापासून दिलेली "वा!" आपल्या मैफलीत शोभते, पण तिच्याखाली गिटारचे चार स्वर बुडतात, हे हसत सांगितलं की लोक ऐकतात. उशिरा येणाऱ्यांना रचना संपेपर्यंत बाहेर थांबवा, मग ते प्रायोजक असोत की नगरसेवक.

रचनांच्या मधे वादक वाद्य जुळवतील. तेव्हा निवेदकाने पोकळी भरायला पुढे येऊ नये. त्यांना तार ऐकू यायला हवी.

सत्कार शेवटी. दीपप्रज्वलन ठेवायचंच असेल तर दारं उघडण्याआधी किंवा लॉबीत. समईचा धूर आणि तेलाचे हात रंगमंचावर नकोत. मध्यंतरात भाषण नको. गिटारवादकाच्या उजव्या हाताची नखं म्हणजे त्याचा गज, ती तुटली की पुढच्या गावची मैफल अडचणीत. घट्ट हस्तांदोलन, जड स्मृतिचिन्ह आणि बॅगा उचलायला लावणं टाळा. शाल चालते. श्रीफळ टेबलावर ठेवा.

## ९. मैफलीनंतर

वाद्यं आधी केसमध्ये, मग भेटीगाठी. आर्द्रता राखणारी पाकिटं केसमध्ये परत गेली का, हे वादकांना विचारा. थकलेल्या माणसाची तीच गोष्ट ग्रीनरूमच्या आरशापुढे राहते. गजाचे केस सैल केले की नाही हे विचारायची गरज नाही, ते त्यांच्या हाताला सवयीचं असतं.

पुढच्या गावच्या आयोजकाला त्याच रात्री मेसेज करा: खुर्चीची नेमकी उंची, शेवटी ठरलेली बसण्याची बाजू, प्रत्यक्ष लागलेली मिनिटं, टाळ्या कुठे चुकल्या.

आठवड्याच्या आत कापलेला कर भरा. परदेशी पैसे पाठवताना बँक सीएचे कागद मागते, ते आधी तयार असू द्या. कर कापल्याचं प्रमाणपत्र कलाकारांना न मागता पाठवा. त्यांच्या देशात विवरणपत्र भरताना ते नसलं तर त्याच मानधनावर त्यांना दुसऱ्यांदा कर बसू शकतो.